कंधारच्या किल्ल्यातले काका

कंधारच्या किल्ल्यात मी रोज सकाळी फिरायला जातो. तिथले पहारेकरी काका कुणालाच रंगवून गोष्टी सांगत नाहीत. पाहुण्यांनी भुयार कुठंय, खजिना कुठं पुरलाय विचारलं, की मान हलवून म्हणतात, "ते काय ठाऊक न्हाई बा. दगड बघा, लई मजबूत हायेत." पाहुणे हिरमुसतात. काकांना त्याचं काही वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात मुदखेडहून एक म्हातारी एसटीनं एकटीच आली. म्हणाली, "माझे मालक मिस्त्री होते. इथं डागडुजीला होते वर्षभर. आता ते न्हाईत. त्यांनी बांधलेली भिंत कोणती हो, दादा?"

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग तिला हाताला धरून खंदकाकडच्या एका भिंतीपाशी नेलं.

"ही बघ माय. एक बी दगड हलला न्हाई."

म्हातारीनं पदरानं धूळ पुसली, दगडाला गाल लावला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

ती गेल्यावर मी विचारलं, "काका, खरंच हीच का?"

"काय की सर. येवढ्या लांबून आली, रिकामी कशी धाडू?"

परवा नांदेडचं एक कुटुंब किल्ला बघायला आलं होतं. कुणी न विचारताच काका त्यांना त्याच भिंतीपाशी घेऊन गेले.

"हे मुदखेडच्या मिस्त्रीचं काम हाय. हात लावून बघा."

त्यांनी हात लावला. मागं उभा होतो, मग मीही लावला.