नव्याचं ताट

नव्या तांदळाचा वास आला की मला आमच्या कापडे गावची भातगिरणी आठवते. मी जॉकी होतो, दोन दिवसांवर मोठी शर्यत होती आणि गिरणीच्या काट्यावर मी ठरल्यापेक्षा दीड किलो जास्त भरलो. घरी आईने नव्या भाताचं पहिलं ताट वाढलेलं. "नव्याला नाय म्हणू नये रे," ती म्हणाली. मी एकच शीत खाल्लं, दोन स्वेटर चढवले आणि भर उन्हात उमरठच्या वाटेला पळत सुटलो. घामाघूम होऊन परतलो, तर आई गिरणीत काट्याशी उभी. तिने आकडा वाचला. "पाव किलो हाय अजून. जा, परत पळून ये." ती शर्यत मी जिंकलो, पुढेही बऱ्याच जिंकलो. त्या दिवशी तीही एका शितावरच राहिली होती, हे मात्र मला परवा नवं जेवताना कळलं.