वाट्यांकडे पाठ

चंद्रावतीकाकीचा आवाज काढायचा तर आधी पाठ फिरवावी लागते. समोर तोंड करून तो निघतच नाही. कॉलेजात करून दाखवताना मी फळ्याकडे तोंड करते, हात कमरेवर ठेवते आणि "भाविऽऽकचा" म्हणते, शेवटचं अक्षर दाराच्या कडीसारखं खाली टाकून. मुली हसून लोळतात. त्यांना वाटतं ही कोणी विनोदी बाई असेल.

आमचं गाव डहाणूजवळच्या खाडीच्या तोंडाशी आहे. होडी आली की विकायची मासळी बाजूला निघते आणि उरते ती घरी खायची. तिचे वाटे घालतात. होडीवर जितकी माणसं तितके वाटे, शिवाय एक जादा. काकी वाट्यांकडे पाठ करून बसते. कोणीतरी एका वाट्याकडे बोट करतं आणि विचारतं, "हा कोणाचा?" काकी न बघता नाव घेते. त्या घरच्या माणसाने वाटा उचलला की मगच पुढचा. सगळ्यात शेवटी उरतो तो काकीचा.

हे काम तिचंच, कारण ती कोणाचीच नाही. झाईहून लग्न होऊन आली, नवरा गेला, होडी विकली. दीर नाही, पुतण्या नाही. एकच मुलगी कल्पिता, ती वापीला दिलेली. बाकी गावात कोण कोणाची मावशी आणि कोण कोणाचा साडू हे मोजायला बसलात तर उन्हाळा संपेल. एकदा काकी तापाने पडली तेव्हा मला बसवलं होतं. आवाज अगदी हुबेहूब काढला मी. चौथ्या वाट्याला सुनिलची आई म्हणाली, "आवाज काकीचा, पण पोर तांडेलाची." माझे बाबा, भिकू, होडीचे तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. सगळी मासळी परत एका ढिगात गेली आणि दुपारपर्यंत भांडण चाललं.

यंदा कल्पिताचं दुसरं बाळंतपण होतं. पहिल्या वेळी ती माहेरी आलेली. कळा सुरू झाल्या तेव्हा काकी वाट्यांवर बसलेली होती आणि ती उठेपर्यंत शेजारणींनी कल्पिताला रिक्षात घालून नेलं होतं. या खेपेला डॉक्टरांनी प्रवास बंद केला. फोनवर कल्पिता एवढंच म्हणाली, "आई, या वेळी तू पाहिजेस."

काकीने निळी बॅग भरून खिळ्याला लावली. बाबा दारात जाऊन म्हणाले, "काकी, एवढं उधाण जाऊ दे, मग जा की." उधाणाच्या भरतीलाच आमच्याकडे मासळी जास्त. काकीने बॅग उतरवली, साड्या उन्हात घातल्या, परत भरली. अशी दोन उधाणं गेली. मग तारीखच जवळ आली आणि एका मंगळवारी ती कोणाला न सांगता पावणेदहाला एसटीच्या स्टॉपवर येऊन उभी राहिली. मी कॉलेजसाठी तिथेच होते. गावातल्या तिन्ही रिक्षा मासळी घेऊन बाजारात गेलेल्या. ही बस चुकली तर डहाणूहून वापीची गाडी चुकणार.

"कोणाला बोलू नकोस," ती मला म्हणाली.

मी कशाला बोलू? समोरून आईच येत होती, डोक्यावर टब घेऊन. मागे पाच बायका.

"काकी, गाडीला टाईम आहे," माझी आई रुपल दम खात म्हणाली. "आज एकच मोठं पापलेट आलंय. तुमच्याशिवाय कोणी मानणार नाही. होतंय पाच मिनिटांत."

स्टॉपमागे जिग्नेशभाईंचं दुकान आहे. त्यांच्या ओट्यावर आईने सात वाटे घातले. काकी रस्त्याकडे तोंड करून बसली.

"हा कोणाचा?"

"मनिषचा."

मनिषची बायको योगिता पिशवीच विसरून आलेली. ती जिग्नेशभाईंकडे पिशवी मागायला गेली, लहान मिळाली, मोठी मागितली.

"हा कोणाचा?"

"लडक्याचा."

वळणावर लाल बस दिसली. ती फक्त काकीलाच समोर दिसत होती, आम्ही सगळ्या मासळीकडे बघत होतो.

"बस आवी, काकी," जिग्नेशभाई म्हणाले.

मी पळत जाऊन बॅग सीटवर ठेवली. कंडक्टर म्हणाला, "बॅगेचं हाफ काढू की फुल?"

"दोन मिनिटं हो, आमची काकी येतेय."

"वाटे सोडून ये म्हणावं."

पण मध्येच उठलं की वाटे मोडतात, हे त्याला काय माहीत? काकी बसकडे बघत नावं घेत होती. "सुनिलचा." थांबली. "भाविकचा." परत थांबली. सुनिलची आई पापलेट कोणाच्या वाट्यात आहे ते वाकून बघत होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. कंडक्टरने बॅग माझ्या हातात दिली, दोनदा बेल मारली आणि बस गेली. मीही राहिले.

"हा कोणाचा?" आईचा आवाज आता बारीक झाला होता.

"भिकूचा." मग आणखी एक, "जयेशचा."

जादा वाट्यावर आई खरं तर विचारत नाही. त्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, "हा कोणाचा?"

"कल्पिताचा," काकी म्हणाली. तसंच, शेवटचं अक्षर खाली टाकून.

"ती कुठे आहे इथे?" सुनिलची आई म्हणाली.

दुपारी दुसरी होडी लागली आणि काकी तिच्या वाट्यांवर बसली. तिथेच फोन आला. मुलगी झाली होती. काकीने ऐकलं, "बरं बाय" म्हणाली, आणि आणखी चार नावं घ्यायची होती ती घेतली.

बॅग तिने घरी नेलीच नाही. सारखी कोण ने-आण करणार, म्हणून जिग्नेशभाईंकडे साखरेच्या पोत्यांमागे ठेवली. नात आता बसायला लागली आहे. कोणी विचारलं, "काय, काकी वापीला नाही गेली अजून?" तर आमच्या घरासकट सगळं गाव एका सुरात सांगतं, "जाणार ना. बॅग स्टॉपवरच आहे."