आम्ही सक्षम केलेल्या बायका

आमच्या ऑफिसात आता सत्काराच्या शाली आणि बॅनर ठेवायलाही जागा नाही. किस्से ठेवायला तर कधीच नव्हती. ते मी घरी घेऊन येते! आम्ही मूळचे अमरावतीचे. नवरा औषध संशोधनातला, म्हणून लखनौत, जानकीपुरमला येऊन पडलो. संध्याकाळी चहा पुढे आला की तो विचारतो, "आज कोणाला सक्षम केलंत?" आणि मी सुरू. लेक मराठीत ऐकते आणि हिंदीत विचारते, "मम्मा, ये वाला सच में हुआ?"

झालंय गं बाई. सगळं झालंय.

आमची संस्था इंदिरा नगरात. गरीब बायकांना छोटे धंदे सुरू करून देते. संस्था काढली मॅडमनी. त्या मनानं वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. नंतर सांगायला जमणार नाही.

*

महिला दिनाचा कार्यक्रम. आमच्या पाच उद्योजिकांचा सत्कार. स्टेजवर पाहुण्यांच्या शेजारी त्यांच्या खुर्च्या मीच लावल्या होत्या, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून.

प्रमुख पाहुणे आले ते एकटे नाहीत. सोबत पीए, पीएचे साडू आणि कुणी दोन नेते. सगळे थेट स्टेजवर! चिठ्ठ्यांवर बसले. आमच्या बायका हातात पुष्पगुच्छ घेऊन मागं भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

निवेदकानं माइक घेतला. "देवियो और सज्जनो, आज की नारी अपने पैरों पर खड़ी है!"

टाळ्यांचा कडकडाट. मग भाषणं सुरू झाली ती संपेचनात. मी पाणी द्यायला मागं गेले, तर त्यांच्यातली सुनीता कानाशी कुजबुजली, "दीदी, बैठने वाली नारी कब आएगी?"

*

जुन्या शहरातल्या रुखसाना आपा चिकनकारीचं भरतकाम करतात. एका मोठ्या हॉटेलात आमचं प्रदर्शन होतं आणि दारातच आपांचा माणसाहून उंच फोटो लावलेला. सुई धरलेला हात, चेहऱ्यावर उजेड. बघत राहावं असा!

आपा रिक्षातून उतरल्या, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. गार्डनं हात आडवा केला. "कारीगर लोग पीछे वाले गेट से."

मी आतून धावत पोचेपर्यंत आपांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा फोटोकडे.

"और इनको सामने से कैसे आने दिया, बेटा?"

गार्ड वळून फोटो बघायला लागला. मी म्हटलं, आपा, चला आत. आपा नाही आल्या. गाठोडं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "वो हैं ना अंदर. उन्हीं से काम चला लीजिए."

*

दिल्लीहून एक ट्रेनर आल्या होत्या. विषय होता स्वतःसाठी वेळ. डोळे मिटा, श्वास घ्या, वगैरे झालं.

"अब सोचिए," ट्रेनर म्हणाल्या, "सुबह उठते ही पहला काम सिर्फ़ अपने लिए करना है. क्या करेंगी आप?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी आपाच बोलल्या.

"फिर से सो जाएँगे."

बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. ट्रेनरही हसल्या. पण आपा हसत नव्हत्या.

*

सुनीता सरोजिनी नगरकडची. तिला आम्ही ई-रिक्षा मिळवून दिली. गुलाबी रिबन, हार, किल्ली, सगळं थाटात. कार्यक्रम संपला आणि तिचा नवरा येऊन पुढच्या सीटवर बसला. "चल, पीछे बैठ."

ती बसली. त्या दिवसापासून रिक्षा तोच चालवतो.

काही महिन्यांनी देणगीदारांसाठी व्हिडिओ हवा होता. मॅडमनी नवऱ्याला फोन करून खास परवानगी काढली. सुनीता इस्त्रीची साडी नेसून आली. कॅमेरावाला म्हणाला, इथून निघायचं, त्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं.

काय चालवली हो तिनं! ट्रकला बाजू दिली, गाय चुकवली, वळणावर हॉर्न दिला आणि ऐटीत परत आली. मागं बसलेल्या मला एक हिसका बसला नाही.

"परफेक्ट!" कॅमेरावाला म्हणाला.

सुनीता खाली उतरेना. हँडलवरचे हात तसेच.

"भैया, एक बार और ले लीजिए. शायद ठीक नहीं आया होगा."

"नहीं दीदी, एकदम बढ़िया आया है."

"फिर भी," सुनीता म्हणाली.

तिकडे पानाच्या टपरीपाशी नवरा उभा होता. तो रस्ता ओलांडून यायला लागला, तशी ती उतरली.

*

आता रामदुलारीचं. ती लोणचं घालते. भरलेल्या लाल मिरचीचं तर असं की आमच्याकडे वरणभाताला दुसरं काही लागत नाही. घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सफाईच्या कामावर. आडनाव वाल्मीकि. लखनौत या आडनावावरून जात कळते, आणि त्या हातचं लोणचं कुणी ताटात घेत नाही.

म्हणून ब्रँडिंगवाल्यानं नाव सुचवलं, 'पंडिताइन का अचार', म्हणजे ब्राह्मणबाईचं लोणचं. बरणीवर डोक्यावर पदर घेतलेल्या गोऱ्या बाईचं चित्र. मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं, तर मॅडम म्हणाल्या, "पहले बिकने तो दो यार, क्रांति बाद में." रामदुलारीला विचारलं. ती म्हणाली, मुलींच्या शाळेचं भागत असेल तर काहीही लिहा.

भागलंही. लोणचं धडाक्यात खपलं. लोक बरणी उलटसुलट करून म्हणायचे, शुद्धता वेगळीच कळते!

संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात आधी जेवण होतं. प्रत्येक टेबलावर तेच लोणचं. मग यशस्वी उद्योजिका म्हणून रामदुलारीला माइक दिला. मॅडमनी बजावलं होतं, "बस, थैंक यू बोलकर आ जाना."

तिनं मनापासून थँक यू म्हटलं. मॅडमचं नाव दोनदा घेतलं. मग म्हणाली, "जिस-जिस को अचार अच्छा लगा, हाथ उठा दीजिए."

हॉलभर हात वर झाले. पाहुण्यांचेही. मॅडम खुशीत माझ्याकडे बघून हसल्या.

"हमारा नाम रामदुलारी वाल्मीकि है," ती म्हणाली. "अचार हम बनाते हैं. पंडिताइन कोई नहीं है."

हात हळूहळू खाली आले. पहिल्या रांगेतल्या एक बाई तोंडावर रुमाल धरून उठल्या आणि घाईघाईनं दाराकडे निघाल्या. दारात थांबून चूळ भरायची जागा शोधू लागल्या.

रामदुलारीच्या हातात माइक तसाच होता.

"नल दाहिनी तरफ़ है, बहनजी."