जादूगारणीचे मंत्र

ॲडम्सटाउनहून डब्लिनला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत त्या बाई बरेचदा माझ्यासमोर बसायच्या. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मांडीवर वही. पेन्सिलीनं लिहायच्या, खोडायच्या, चुरा फुंकून पुन्हा लिहायच्या. अक्षरं मराठी दिसली म्हणून एकदा मी विचारलंच.

"खेळाचे नियम आहेत," त्या म्हणाल्या. "फासे टाकत गोष्ट रचायची. लेक आणि तिच्या मैत्रिणी खेळायच्या, मी खेळ चालवायचे. लेक जादूगारीण. तिच्या एका मंत्रात सगळे राक्षस गारद! तलवारवाल्या मुली नुसत्या बसून. त्या कंटाळल्या, म्हणून मी हिचे मंत्र कमी केले."

"बरोबरच केलंत की."

"नियम बरोबरच होता. ती इथल्या पोरांसारखं 'इट्स ग्रँड, आई', म्हणजे 'चालेल', एवढंच म्हणाली आणि उठून गेली. एरवी माझ्याशी इंग्रजीत दोन शब्द बोलते. त्या टेबलावर मात्र राक्षसांना मराठीत शिव्या घालायची."

त्यांनी वही दाखवली. मंत्र परत दिले होते. मग तलवारींचा जोर वाढवला होता, मग तोही खोडला होता. खोडून खोडून पानाला भोक पडलं होतं.

"हे तिला दाखवलंत?"

"दर रविवारी टेबल मांडते. ती खोलीतून बाहेर येत नाही. वर्ष झालं."

"मग आता कशाला लिहिता?"

त्यांनी पानावरचा चुरा फुंकला. "तिच्याशी दुसरं काही बोलायला मला येत नाही हो."