टोमॅटोपाशी बसलेल्या अक्का

आज सकाळी मी एका गेलेल्या माणसाच्या कानाला फोन लावून धरला.

टाईप करताना चुकलं तर समजून घ्या.

आमच्या बिल्डिंगमधल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या अक्का गेल्या. ना बीपी, ना शुगर. काल संध्याकाळी तर माझ्याशी भांडून खाली उतरल्या.

राजारामपुरीतल्या आमच्या टेरेसवर त्यांच्या टोमॅटोच्या बारा कुंड्या. त्या पाईपनं धो धो पाणी मारायच्या आणि खाली माझ्या बेडरूमच्या छताला ओल यायची. दोन वर्षांपूर्वी मी सोसायटीत सरळ कम्प्लेंट केली.

मीटिंगमध्ये अक्का उभ्या राहिल्या.

"पावणं, तुमचं छत बी कोरडं ऱ्हाईल आन् माझी झाडं बी जगतील. एक महिना द्या."

इतकी वर्षं एका जिन्यानं ये-जा करून मी पावणं!

त्यांनी शिरोळच्या भावाकडनं उसाच्या पाचटाचं, म्हणजे वाळल्या पाल्याचं, पोतं आणलं. बारीक कापून मातीवर चार बोटं जाड थर दिला. खोडाभोवती मात्र जागा मोकळी, नाहीतर खोड कुजतं. प्रत्येक कुंडीत एक छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरलं. मडक्यात पाणी भरायचं, वर झाकण. ते आपोआप मुळाशी झिरपत राहतं.

महिन्यात माझं छत वाळलं.

मी जरा ओशाळूनच बघायला गेलो, तर मला दोन कुंड्या दिल्या.

"घे. आता तू बी लाव."

तेव्हापासून मी त्यांचा संजू झालो. रोज बोलणी खाल्ली. मी पानांवर पाणी मारलं की त्यांचं निपाणीकडचं कानडी बाहेर पडायचं, "साकु, साकु! पुरं की! पानास्नी आंघोळ घालतोस व्हय?"

कालचं भांडणही तेच. दिवसभराचं ऊन बघून मी भसाभस पाणी ओतलं.

"वरनं वाळलंय म्हणून ओतायचं न्हाय रं. पाचट सार, बोट घालून बघ. आत ओल हाय. असं कवाबी ओतलंस की फळं तडकत्यात."

मी म्हटलं, "अक्का, माझी झाडं हायत, मी बघतो."

त्या उठून खाली गेल्या.

आज सकाळी बेळगावहून त्यांच्या लेकीचा फोन. "दादा, आई फोन उचलंना. वर टेरेसवर असंल, बघता काय?"

वर गेलो. अक्का होत्या. पाटावर, भिंतीला टेकून. एक हात कुंडीत, पाचटाखाली.

"हायत की ताई. ओल बघत बसल्यात."

"द्या की जरा."

मी वाकून फोन त्यांच्या कानाला लावला.

"आई, किती फोन करायचे गं? चहा तरी घेतलास काय?"

मी उत्तराची वाट बघत होतो.

मग माझी बोटं त्यांच्या गालाला लागली.

गार.

तिकडनं लेक बोलतच होती. "आई? रागावलीस व्हय?"

मला फोन बाजूला घ्यायचंसुद्धा सुचलं नाही.

खालच्या क्लिनिकचे डॉक्टर पळत आले. म्हणाले, तास-दीड तास झाला असेल.

अकराला लेक आली. रडली नाही. माझा हात धरून एवढंच विचारलं, "दादा, माझा आवाज गेला असंल का हो तिला?"



मग तीच म्हणाली, "मला वाटलं ऐकत्या. मी बोलाय लागले की ती अशीच गप बसायची."

दुपारी माती देऊन आलो. तरी मला अजून खरं वाटत नाही.

अक्का, काल उलट बोललो. चुकलं माझं.

तुमच्याच लिंगायत पद्धतीनं हात जोडून निरोप देतो.

शरणु शरणार्थी.