संमीलनाचा एक तास

मोठ्या माणसांकडे एखादी साधी गोष्ट मागत राहा, किस्से फुकटात जमतात. मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सोडली. त्यानंतर मला एकच गोष्ट हवी होती: जव्हारजवळच्या माझ्या जुन्या आश्रमशाळेत दहावीवर एक तास घ्यायचा. विषय, अणुकेंद्रकांचं संमीलन. पुस्तकात त्यावर चार ओळी होत्या. आमच्या वेळी त्यासुद्धा "वाचून घ्या" म्हणून उलटल्या होत्या.

*

पहिला अर्ज हेडमास्तरांना दिला. आठ दिवसांनी परत आला. 'संमीलन' लाल पेनाने खोडलेलं, वर 'संमेलन'. खाली शेरा: "स्नेहसंमेलन डिसेंबरात. नाचणाऱ्यांची नावे द्यावीत."

*

विज्ञानाच्या गुरुजींनी मला बाजूला घेतलं.

"अरे, संमीलन म्हणजे अणू फोडणंच ना?"

"नाही सर. फोडतात ते युरेनियम, जड. इथे हायड्रोजनची दोन हलकी केंद्रकं जुळतात, हेलियम होतो. वजन जरासं कमी भरतं. जे कमी भरलं त्याची ऊर्जा होते. सूर्य रोज तेच करतो."

"आणि पोराने पेपरात फोडणं लिहिलं तर?"

"शून्य."

गुरुजींनी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाले, "अठरा वर्षं मी पैकीच्या पैकी देतोय. तू आता कशाला आग लावतोस?"

*

पंचायत समितीतल्या साहेबांनी तर सरळच विचारलं, "शिकवायचंय? डिग्री आहे?"

"सूर्याच्या पोटात दीड कोटी डिग्री आहेत, साहेब. जमिनीवर हेच करायचं तर दहा कोटींच्या वर लागतात."

साहेबांनी फाइलीतून मान वर काढली नाही. "झेरॉक्स जोडा."

*

जव्हार-मोखाडा जीप चालवणारा देवराम चौथी शिकलेला. पण ऐकून तरी घ्यायचा.

"दोन्ही केंद्रकं एकमेकांना ढकलतात," मी सांगितलं. "म्हणून एवढं तापवायचं, की वेगात येऊन आपटली पाहिजेत."

"मंग भांडा नाय वितळायचा?"

"भांड्याला लागूच द्यायचं नाही. चुंबकाने अधांतरी धरायचं."

"निघते का वीज?"

"वीज अजून नाही. ऊर्जा निघते, पण घालतात त्यापेक्षा कमी."

देवरामने स्टिअरिंगवर थाप मारली. "म्हंजे गाडी अजून धक्क्यावर हाय. चालंल. माझी बी धक्क्यावरच निघते, पर मोखाड्याला पोचते."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अर्ज लिहिला.

*

चौथ्या अर्जाला हेडमास्तर वैतागले. "साखरशेत गावात पालकसभा आहे, तिथे बोल. एका माणसाला जरी कळलं, तर तास तुझा." मी तोंडावर पडणार ते बघायला गुरुजींनाही बरोबर घेतलं.

एप्रिल महिना. दहावीतल्या एका पोराची आई, जानकीबाई, विहिरीवरून थेट सभेत आलेल्या, हंडा शेजारी ठेवलेला. मी त्यातलं तांब्याभर पाणी मागून घेतलं. "ह्यात जड जातीचा हायड्रोजन असतो, अगदी थोडा. तो काढून जुळवता आला, तर ह्या एका तांब्यातून भरल्या पिंपभर रॉकेलएवढी ऊर्जा निघेल. अजून कोणाला नीट जमलेलं नाही. पण जमणार."

हेडमास्तर गुरुजींकडे बघून हसले आणि म्हणाले, "काय जानकीबाई, कळलं काही?"

"कळला की. पान्यात वीज हाय."

"मग?"

"मंग काय? धरणाचा पानी मुंबईला गेला. आता हंड्यातला बी जाईल."

त्यांनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला, पाणी हंड्यात परत ओतलं आणि हंडा डोक्यावर घेऊन घराकडे चालू लागल्या.