गेटवर दिलेलं हळदीकुंकू

गेल्या शनिवारी आमच्याकडे डोंबिवलीत हळदीकुंकू होतं. चाळीसेक बायका येऊन गेल्या, सगळं छान पार पडलं... आणि त्या दिवसापासून मला स्वतःची लाज वाटतेय.

शीळफाट्याजवळ रस्त्याकडेला घिसाडी कुटुंबांची पालं आहेत. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरतो, बायको उभ्याने घण मारते. दोन वर्षांपूर्वी विळीला धार लावायला थांबले, तेव्हा घण मारणाऱ्या सुभद्राबाईंनी माझ्याकडे मान वर करूनही बघितलं नव्हतं. पण मी चिकट... ऑफिसमधून येताना स्कूटर थांबवून डोकावतच राहिले.

हळूहळू त्या बोलायला लागल्या. एकदा तर पालात बसवून भाकरी वाढली. बाहेरचं कुणी तिथे आत येत नाही, हे मला त्यांच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी केवढी खूश झालेले!

म्हणून यंदा त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. "खरंच यिऊ का?" असं त्यांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी हो म्हटलं.

आणि त्या आल्या. वॉचमनचा इंटरकॉम आला, "मॅडम, वो रास्तेवाली लोहारन आयी है, ऊपर भेजूं?" हॉलमध्ये सासूबाई, जावा, सोसायटीतल्या बायका... सगळ्या माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हटलं, "नको, मीच खाली येते."

कुंकवाचा करंडा आणि वाणाचा डबा घेऊन खाली गेले. गेटपाशीच हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वर फार गर्दी आहे असं सांगितलं. त्यांनी पदर पुढे करून वाण घेतलं आणि गेल्या.

परवा माफी मागायला गेले. लोखंड निवतं म्हणून त्या घण मध्येच कधी थांबवत नाहीत... माझ्यासाठी थांबवला. सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "गेटावर थांबायची आमाला सवय हाय, ताई. पर तुमी बोलावलं म्हनून काम बंद ठिवून, नवी साडी नेसून आल्ते."

त्यांच्या नवऱ्याने निवलेलं लोखंड परत भट्टीत सारलं आणि मी स्कूटरकडे वळले.

दोन वर्षं मी विचार करत होते, या बाई माझ्यावर विश्वास कधी ठेवतील... त्यांनी ठेवला होता. कमी मीच पडले.